चकमा निर्वासित आणि दोन शेजारी राष्ट्रे

चितगावच्या डोंगराळ प्रदेशातील चकमा हे थेरवादी परंपरेतील बौद्ध होत. आपल्या समाजात त्यांच्याविषयी आस्था आहे. परंतु त्यांच्या स्थलांतराकडे बहुधा केवळ धार्मिक छळाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. ही मांडणी आम्हांस अपुरी वाटते. हा प्रश्न मुख्यतः जमिनीचा आहे. तसेच निर्वासितांविषयी दोन शेजारी राष्ट्रांनी आपसांत काय ठरवावे, आणि ते कोणाला विचारून ठरवावे, याचाही तो आहे.

१९४७ साली रहिवाशांत बौद्धांचे बहुमत असूनही सीमा आयोगाच्या निवाड्याने हा प्रदेश पाकिस्तानात गेला. पुढे कर्णफुली नदीवर काप्ताई येथे धरण बांधण्यात आले व ते १९६२ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाखाली तेथील सुमारे ४० टक्के लागवडीची जमीन बुडाली आणि सुमारे एक लाख माणसे विस्थापित झाली. त्यांपैकी काही हजार १९६४ पासून भारतात आले. केंद्र शासनाने त्यांना तत्कालीन ईशान्य सीमांत प्रदेशात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, वसविले. त्यांना जमीन मिळाली; नागरिकत्व मात्र मिळाले नाही.

दुसरी लाट बांगलादेशच्या निर्मितीनंतरची. १९७९ पासून ढाक्याच्या शासनाने सपाटीवरील लाखो बंगाली शेतकऱ्यांना डोंगराळ प्रदेशात आणून वसविले. जनसंहती समिती आणि तिची सशस्त्र शाखा शांतिवाहिनी यांचा शासनाशी संघर्ष चालूच होता. १९८६ च्या एप्रिल-मेमध्ये हल्ले, प्रतिहल्ले व कत्तली झाल्या आणि पन्नास हजारांच्या आसपास लोक त्रिपुरात शिरले. दक्षिण त्रिपुरातील छावण्यांत त्यांनी जवळजवळ बारा वर्षे काढली. भारताने त्यांना आश्रय दिला हे खरे. पण त्यामागे कोणताही कायदा नव्हता. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताने सही केलेली नाही आणि बांगलादेशानेही नाही. त्यामुळे शिधा किती द्यावा, छावणी केव्हा बंद करावी, हे सर्व शासनाच्या मर्जीवर राहिले. मर्जी दिल्ली-ढाका संबंधांप्रमाणे पालटत असे.

मे १९९२ मध्ये पंतप्रधान खलिदा झिया दिल्लीस आल्या असता निर्वासितांना परत पाठविण्याचे दोन्ही शासनांनी ठरविले. त्यानुसार १९९४ मध्ये दोन टप्प्यांत सुमारे पाच हजार लोक परतले. पुढे काय झाले ते लक्षात घेण्यासारखे आहे. अनेकांना आपल्या शेतावर व घरात दुसरेच लोक राहत असलेले आढळले. हे वृत्त छावण्यांत पोहोचताच उरलेल्यांनी जाण्यास नकार दिला आणि परतीचे काम थांबले. दोन राजधान्यांनी माणसे मोजली होती. जमीन कोणी मोजली नव्हती.

१९९६ मध्ये ढाक्यात सत्तांतर झाले व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गंगेच्या पाणीवाटपाचा करार झाला. वातावरण निवळले. मार्च १९९७ मध्ये बांगलादेश शासनाने प्रत्यक्ष निर्वासितांच्या प्रतिनिधींशी बोलणी करून वीस कलमी समझोता केला. घरबांधणीस साह्य, काही महिन्यांचा शिधा आणि जमीन परत करणे अशी आश्वासने त्यात होती. २ डिसेंबर १९९७ रोजी जनसंहती समितीशी शांतता करारही झाला. १९९८ च्या आरंभी त्रिपुरातील छावण्या रिकाम्या झाल्या. ज्यांना परत जायचे होते त्यांनाच विचारले गेले, हा १९९४ आणि १९९७ मधील मुख्य भेद होय.

तरीही जमिनीची गाठ सुटली नाही. डोंगराळ प्रदेशात जमिनीचा ताबा रूढीने ठरे. कोणाचे कोणते शेत हे गावचा प्रमुख जाणत असे. झूम शेतीस तर कागदपत्र नसेच. नव्या वसाहतवाल्यांपाशी मात्र शासनाने दिलेले कागद होते. न्यायासनापुढे कागद बोलतो, गावाची स्मृती बोलत नाही. २००१ साली भूमिविवाद आयोगाचा कायदा झाला. पण सदस्यांत एकमत न झाल्यास अध्यक्षाचाच निर्णय अंतिम, अशी तरतूद असल्याने पहाडी प्रतिनिधींनी त्यास विरोध केला. ती तरतूद २०१६ मध्ये बदलली; अर्ज साचत गेले, निवाडे झाले नाहीत.

अरुणाचलातील चकमांचा मार्ग निराळा. त्यांना परत घेण्याविषयी कोणताही करार झाला नाही, आणि राज्यातील संघटना त्यांना निघून जाण्यास बजावीत होत्या. अशा वेळी राज्यघटना आडवी आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने घडविलेल्या घटनेत काही हक्क नागरिकास, तर काही प्रत्येक व्यक्तीस आहेत. अनुच्छेद १९ नागरिकांपुरते आहे. १४ व २१ व्यक्तीसाठी आहेत. याच आधारे जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चकमांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश राज्य शासनास दिला. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांना नागरिकत्व देण्याची प्रक्रिया तीन महिन्यांत पूर्ण करण्यास न्यायालयाने सांगितले. ती मुदत केव्हाच उलटली. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात बांगलादेशातील बौद्धांचा उल्लेख आहे, म्हणून आपल्यापैकी काहींना हायसे वाटले असेल. परंतु आंतररेषा परवान्याचे प्रदेश त्यातून वगळलेले आहेत, आणि अरुणाचल त्यांतच येते.

नोव्हेंबर २०२२ पासून याच डोंगराळ प्रदेशातील बॉम जमातीची कुटुंबे सैनिकी कारवाईच्या भीतीने मिझोरमच्या लाँगतलाई जिल्ह्यात आली. हे लोक ख्रिस्ती आहेत. गावकऱ्यांनी व राज्य शासनाने त्यांना थारा दिला. आश्रयाचा कायदा तेव्हाही नव्हता.