जुनी गाडी ठेवायची की नवी घ्यायची? आधी वहीत हिशेब मांडूया



गेल्या महिन्यात गासमधल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, हप्ते झाले आणि कर्जमागणीची वेळ आली. एका ताईंनी 80 हजारांची मागणी ठेवली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "मुलाला नवीन मोटारसायकल घ्यायचीय. जुनी पंधरा वर्षांची झाली. शोरूमवाला म्हणाला, आता ती भंगारातच जाणार."

गाडी कुठे उभी आहे विचारलं. बाहेर झाडाखालीच होती, सासऱ्यांनी घेतलेली शंभर सीसीची. त्याच गाडीवर पहाटे भाजीच्या जुड्या नालासोपारा स्टेशनला जातात आणि तिथून लोकलने दादरला. किक मारली की सुरू होते. सायलेन्सरला गंज, सीट फाटलेली, चेन खडखडते, पण चालते. मग प्रश्न पडला की 80 हजार खरंच लागणार आहेत का?

बैठकीत हिशेब केला तो इथे सगळ्यांसाठी लिहिते. नवी गाडी घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. पण कर्ज तुमच्या नावावर आणि सही तुमची असणार आहे, तेव्हा आकडेही तुम्हालाच माहीत हवेत.

पंधरा वर्षांनी गाडी भंगारात जाते का?

नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांसाठी असते. ती संपली की आरटीओत गाडी दाखवायची, ती धडधाकट ठरली की नोंदणी पुढच्या 5 वर्षांसाठी वाढवून मिळते. नंतर पुन्हा 5 वर्षं. पेट्रोलच्या गाड्या 15 वर्षांनी बंद हा नियम दिल्ली आणि तिच्या आजूबाजूच्या भागासाठी निघाला. बातम्या तिकडच्या येतात आणि घाबरतो आपण.

नूतनीकरणासाठी फॉर्म 25 भरावा लागतो. मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत अर्ज करता येतो. 1 एप्रिल 2022 पासून मोटारसायकलच्या नूतनीकरणाची फी 1 हजार रुपये झाली, वीस वर्षांपुढच्या गाडीला त्याहून जास्त पडते. शिवाय पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर मोटारसायकलला महिन्याला 300 रुपये जादा. हे दर बदलत असतात, म्हणून भरण्याआधी चालू दर परिवहनच्या सरकारी संकेतस्थळावर बघा. एजंटने सांगितलेला आकडा म्हणजे सरकारी फी असं समजू नका.

आता हप्त्याचा हिशेब

समजा नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत 1 लाख पडली. 20 हजार रोख दिले आणि 80 हजार कर्ज काढलं. मुदत 3 वर्षं, व्याज वर्षाला 12 टक्के, घटत्या शिलकीवर.

महिन्याचा हप्ता: 2,657 रुपये
तीन वर्षांत भरलेले: सुमारे 95,650 रुपये
त्यातलं नुसतं व्याज: सुमारे 15,650 रुपये

हे झालं घटत्या शिलकीचं. आपल्या गटात आपण असंच व्याज लावतो, जेवढं मुद्दल उरलंय तेवढ्यावरच. पण शोरूममध्ये "फक्त 12 टक्के" म्हणतात तेव्हा एक प्रश्न विचारायलाच हवा: "फ्लॅट की घटत्या शिलकीवर?" फ्लॅट असेल तर अर्धं कर्ज फिटलं तरी व्याज पूर्ण 80 हजारांवरच चालू राहतं. मग तीन वर्षांचं व्याज 28,800 आणि हप्ता 3,022 रुपये. म्हणायला 12 टक्के, पण घटत्या शिलकीच्या भाषेत तो दर 21 टक्क्यांच्या आसपास जातो. गटात महिना दोन टक्के जास्त वाटतो आणि बाहेर "12 टक्के" ऐकून आपण खूश होतो. दोन्ही एकाच मापाने मोजून बघा.

जुनी दुरुस्त केली तर?

त्या ताईंनी दुसऱ्या दिवशी मेस्त्रीकडून खर्च लिहून आणला. चेनसेट, दोन्ही टायर, ब्रेक शू, क्लच प्लेट, केबल, कार्बोरेटरची सफाई आणि इंजिनचं काम धरून आकडा आला 14 हजार. गटाकडून महिना 2 टक्क्यांनी घेतले आणि दरमहा 2 हजार मुद्दल फेडलं, तर 7 महिन्यांत कर्ज फिटतं. व्याज होतं 1,120. म्हणजे एकूण 15,120 रुपये.

नव्या गाडीचं नुसतं व्याज 15,650 आणि जुन्या गाडीची सगळी दुरुस्ती व्याजासकट 15,120. ही ओळ बैठकीत दोनदा वाचून दाखवावी लागली.

"पण नवी ॲव्हरेज जास्त देते," असं मुलगा म्हणाला. बरोबर आहे त्याचं. तेही मोजलं. रोज 30 किलोमीटर, महिन्याला 26 दिवस, म्हणजे 780 किलोमीटर. जुनी 45 चं ॲव्हरेज देते, नवी 60 चं देईल. पेट्रोल लिटरला 100 रुपये धरलं तर महिन्याला साधारण 430 रुपये वाचतात. 430 वाचवायला 2,657 चा हप्ता! रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर फिरणं असेल तर हिशेब वेगळा येईल. म्हणून दुसऱ्याचा आकडा घेऊ नका, आपलाच मांडा.

आणखी एक. नवी गाडी दारात उभी राहिल्या राहिल्या तिची किंमत उतरायला लागते. विम्याच्या हिशेबात तीन वर्षं ओलांडली की 40 टक्के किंमत कापली जाते. शेवटचा हप्ता भरता तेव्हा हातात तेवढ्या उतरलेल्या किमतीची गाडी असते. जुन्या गाडीची जी काही किंमत उतरायची ती कधीच उतरून झाली.

जुनी ठेवायची तर कागद नीट हवेत

इथे आपण कमी पडतो. ताईंच्या घरी आरसी बुक काढलं तर गाडी अजून सासऱ्यांच्याच नावावर. ते जाऊन चार वर्षं झालीत. मालक वारला तर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि 3 महिन्यांत फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर गाडी करून घ्यायची असते. राहिलं असेल तर आता करा. अपघात झाला आणि गाडी मयताच्या नावावर निघाली, तर विम्याच्या दाव्यात अडचण येते.

कागदांची पिशवी काढा आणि एकेक बघा:

1. आरसी: मुदत कधी संपते? नाव कुणाचं? बँकेचा बोजा अजून दिसतोय का? कर्ज फिटलं असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 देऊन बोजा उतरवून घ्या.

2. विमा: निदान थर्ड पार्टी हवाच, तो कायद्याने सक्तीचा आहे. 75 ते 150 सीसीच्या गाडीला जून 2022 पासूनचा दर वर्षाला 714 रुपये आणि वर कर. जोडीला चालवणाऱ्या मालकासाठी 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, त्याबद्दल नक्की विचारा. विमा नसताना पकडलं तर पहिल्या वेळी 2 हजार दंड. दंडाचं सोडा, समोरच्याला लागलं तर भरपाई आपल्या घरातून जाते.

3. पीयूसी: तारीख बघा. जुन्या गाड्यांना दर 6 महिन्यांनी काढावी लागते. नसेल तर दंड 10 हजारांपर्यंत जाऊ शकतो.

4. नंबरप्लेट: 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा प्लेट लागते. दुचाकीला 450 रुपये आणि कर धरून 531. एमएच-04 असो की एमएच-48, नियम एकच.

आपल्या भागात गाडी कशी सांभाळावी

समुद्र जवळ, हवेत खार आणि पावसात पाणी. सनसिटी–गास रस्ता पावसात कसा होतो हे तुम्हाला मी सांगायला नको. जुलै 2018 मध्ये तर नालासोपाऱ्याला रूळ बुडून गाड्या बंद पडल्या होत्या.

गाडी पाण्यात बुडाली असेल तर सेल्फ किंवा किक मारू नका. इंजिनमध्ये पाणी असताना ते फिरवलं की आतलं काम वाढतं. ढकलत गॅरेजला न्या. आधी ऑइल, एअर फिल्टर आणि प्लग बघू देत, मग सुरू करा.

आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी तीन-चार आठवडे उभी राहणार असेल तर टाकीत तळाला थोडंसंच पेट्रोल ठेवू नका, टाकीत पाणी साठतं आणि आतून गंज धरतो. जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्याही वर्षातून एकदा तपासून घ्या. नळी कडक झाली किंवा चीर पडली असेल तर लगेच बदला.

चेनला दर पंधरवड्याला ऑइल आणि इंजिन ऑइल वेळेवर, एवढ्या दोन सवयींनीही गाडीचं आयुष्य वाढतं. बदललेल्या प्रत्येक पार्टची तारीख आणि रक्कम एका वहीत लिहा. गटाचं रजिस्टर ठेवता ना, तसंच. मेस्त्रीने "क्लच प्लेट गेली" म्हटलं की मागचं पान उघडून बघता येतं.

पण कधी नाही म्हणायचं

गाडीवर जीव असतो, मान्य. पण जीव धोक्यात घालून नाही. चेसिसला चीर गेली असेल, वेल्डिंग पुन्हा पुन्हा सुटत असेल, ब्रेक दुरुस्त करूनही धरत नसेल, तर ती गाडी रस्त्यावर काढू नका. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. मेस्त्रीला खर्च विचारा. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या विक्रीच्या किमतीच्या पुढे जात असेल आणि सहा महिन्यांत तेच काम दुसऱ्यांदा निघालं असेल, तर थांबलेलं बरं.

नव्या गाडीचा एक खरा फायदाही सांगते. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना निदान दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय आणि त्यापुढच्यांना एबीएस सक्तीचं आहे. रोज रात्री हायवेने जाणारा मुलगा असेल तर ही गोष्ट पैशांत मोजू नका.

मागणी आली की गटाने हे विचारावं

गाडी कुणाच्या नावावर होणार? हप्ता कोण भरणार, आणि त्याचं काम सुटलं तर कोण? मेस्त्रीचा लेखी खर्च आणलाय का? दर फ्लॅट की घटता? हे विचारणं म्हणजे अविश्वास नाही. हप्ता थकला की नाव ताईचं खराब होतं, गाडी चालवणाऱ्याचं नाही.

त्या ताईंनी मागणी बदलली. 14 हजार दुरुस्तीला, आणि कागदांसाठी लागणारे पैसे स्वतःच्या बचतीतून. मुलगा पहिले दोन दिवस रुसला होता. मग नवी सीट आणि टायर बसले तसा तोच गाडी धुवायला लागला. ताई म्हणाल्या, "नवीन घेऊच, पण निम्मे पैसे हातात आल्यावर." नवी गाडी म्हणून दरमहा 1 हजार वेगळे टाकायला त्यांनी सुरुवात केलीय. दुरुस्तीचा हप्ता संपला की तेच 2 हजारही तिकडे वळवणार आहेत.

पुढच्या बैठकीला येताना ज्यांच्या घरी दहा वर्षांपुढची गाडी आहे त्यांनी आरसी, विमा आणि पीयूसी घेऊन या. एकत्र बसून तारखा बघू आणि वहीत लिहू. चष्मा विसरू नका, आरसीवरची अक्षरं फार बारीक असतात.

तुमची,
क्षेत्र समन्वयक