जुन्या पिकअपचे स्टिअरिंग : आधी दोष शोधा, मगच कॉलम उघडा

लवळे, नांदे, पिरंगुट भागातील अनेक शेतकऱ्यांचा भाजीपाला आणि भात आजही जुन्या पिकअपमधूनच पुण्याच्या बाजारात जातो. भरलेली गाडी पिरंगुटच्या घाटातून उतरताना सारी भिस्त ब्रेक आणि स्टिअरिंगवर असते. त्यामुळे स्टिअरिंगमधील ढिलाई 'चालतंय तोवर चालू द्या' म्हणून सोडू नये. भात काढणीची वाहतूक सुरू होण्यापूर्वीच ही तपासणी करून घ्यावी.

किती ढिलाई चालते?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टिअरिंग व्हीलवरील ढिलाई ३० अंशांपेक्षा जास्त असू नये. ४० सें.मी. व्यासाच्या व्हीलवर हे अंतर कडेला सुमारे १० सें.मी. भरते. ही कायद्याची कमाल मर्यादा आहे. त्याआधीच दुरुस्ती करणे शहाणपणाचे. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीचे फिटनेस दरवर्षी करावे लागते, तेव्हाही हे पाहिले जाते.

मोजण्यासाठी गाडी सपाट जागेवर, चाके सरळ ठेवून उभी करा. व्हीलवर खडूची खूण करा. पुढची चाके हलू न देता व्हील डावीकडे-उजवीकडे किती फिरते ते पाहा. पॉवर स्टिअरिंग असल्यास इंजिन चालू ठेवून मोजा.

दोष कुठे आहे?

मदतनिसाला व्हील थोडे-थोडे हलवायला सांगा. तुम्ही वरून खाली एकेक जोड पाहत जा.

• व्हील वर-खाली किंवा आडवे हलते : कॉलमचे बुश किंवा बेअरिंग झिजले आहे, अथवा डॅशबोर्डखालचा क्लॅम्प सैल आहे.
• व्हील फिरते, पण बॉक्समध्ये जाणारा रॉड उशिरा फिरतो : मधला क्रॉस किंवा रॉडचे दाते झिजले आहेत. काही जुन्या जीप-पद्धतीच्या गाड्यांत एकच लांब रॉड थेट बॉक्सपर्यंत जातो. तिथे क्रॉस नसतो.
• रॉड फिरतो, पण बॉक्सवरचा ड्रॉप आर्म हलत नाही : दोष बॉक्समध्ये आहे.
• ड्रॉप आर्म हलतो, चाक हलत नाही : ड्रॅग लिंक किंवा टाय रॉडचे बॉल जॉइंट गेले आहेत.

शेवटी चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर चाकाचे बेअरिंग किंवा किंग पिन तपासा. मागच्या चाकांना ठोकळे लावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

कॉलम का बिघडतो?

गाडीत चढताना व्हीलला लटकणे, भरलेली गाडी जागेवर उभी असताना जोराने व्हील फिरवणे आणि खालचे रबर फाटून चिखल-पाणी आत जाणे, ही नेहमीची कारणे आहेत.

दुरुस्ती करून घेताना

१. बॅटरीची वायर काढावी. चाके सरळ ठेवून व्हील व रॉडवर जुळणीची खूण करावी.
२. व्हील पुलरने काढावे. रॉडच्या टोकावर हातोडा मारू नये. त्याने आटे आणि खालचे बेअरिंग दोन्ही खराब होतात.
३. बाहेर काढलेला रॉड सपाट जागेवर लोळवून पाहावा. वाकलेला, तडा गेलेला किंवा दाते झिजलेला रॉड बदलावा.
४. बुश नवे टाकून ग्रीस भरावे. फाटलेले रबर बदलावे.
५. कॉलम बॉक्सच्या सरळ रेषेत बसवून मगच क्लॅम्प आवळावा. ओढून-ताणून बसवल्यास व्हील जड होते आणि बुश पुन्हा झिजते.
६. स्प्लिट पिन आणि लॉक नट नवेच वापरावेत.

वेल्डिंग नको

तुटलेला रॉड जोडून किंवा वाकलेला रॉड तापवून सरळ करून देतो, असे काही ठिकाणी सांगितले जाते. खर्च वाचतो, पण तापवल्याने पोलादाची ताकद बदलते आणि जोड आतून कच्चा राहू शकतो. तो तुटताना पूर्वसूचना मिळेलच असे नाही. व्हील हातात मोकळे फिरते आणि चाके आपल्या दिशेने जातात. सुटा भाग मिळत नसेल, तर त्याच मॉडेलचा सुस्थितीतला जुना भाग तपासून बसवावा.

ढिलाई घालवण्यासाठी बॉक्सचा ॲडजस्टिंग स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळू नये. वळणानंतर व्हील आपोआप परत येत नसेल, तर तो जास्त आवळला असण्याची शक्यता असते. बॉक्समधील तेलाची पातळीही पाहावी.

चाचणी

व्हील दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कुठे अडकते का ते पाहा. नंतर रिकामी गाडी मोकळ्या, सपाट रस्त्यावर सावकाश चालवा. काही किलोमीटर चालल्यावर सर्व बोल्ट पुन्हा तपासा. त्यानंतरच माल भरा आणि घाटाकडे गाडी वळवा.