पाल खात नाही: हे निरीक्षण की निष्कर्ष?

समजा, महाड एमआयडीसीजवळ बिरवाडीत तुम्ही राहता आणि घरात काचेच्या पेटीत एक लेपर्ड गेको आहे. बारा दिवस झाले, त्याने तोंडात काही घेतलेलं नाही. समोर मीलवर्म वळवळतात, तो बघतो आणि मान फिरवतो. तुम्ही घाबरून एकाच संध्याकाळी पेटीतली वाळू काढता, दिवा बदलता, मीलवर्मऐवजी रातकिडे आणता, वर कॅल्शियमची पावडर भुरभुरता. तेराव्या दिवशी तो खातो.

आता सांगा, कशामुळे खाल्लं?

कोर्सवर्कला बसलेल्या कुणालाही याचं उत्तर माहीत असायला हवं: सांगता येत नाही. चार गोष्टी एकदम बदलल्या, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते कळायला मार्ग नाही. आणि पाचवी शक्यता तर आपण धरतच नाही, की काहीच केलं नसतं तरी त्याने तेराव्या दिवशी खाल्लंच असतं. माणूस उपाय करतो तो परिस्थिती सगळ्यात वाईट असते तेव्हा. तिथून ती बहुतेक वेळा आपोआपच थोडी सुधारते, आणि शेवटी जे केलं तो उपाय 'रामबाण' ठरतो. पाळीव प्राण्यांबद्दलचे निम्मे सल्ले असेच तयार झाले असावेत, असं माझं मत आहे.

आधी प्राणी कोण ते बघू. लेपर्ड गेको म्हणजे युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस, मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या भागातला. आपल्या भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, याला असतात. बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नाहीत, त्यामुळे हा काचेवर चढत नाही. शेपटीत चरबी साठवतो, म्हणून धडधाकट मोठा गेको बरेच दिवस उपाशी राहू शकतो. याचा एक भाऊबंद, युब्लेफॅरिस फस्कस, खुद्द महाराष्ट्रात आणि गुजरातेत सापडतो आणि विषारी समजून मारला जातो. जगातली कुठलीच पाल विषारी नाही. (तो रानात दिसला तर तिथेच राहू द्या. रानातला प्राणी पकडून घरी ठेवणं कायद्यात बसत नाही. संशोधनासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी आणि संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते.)

आता मूळ मुद्दा. 'खात नाही' हे आपण निरीक्षण म्हणून सांगतो, पण तो निष्कर्ष आहे. निरीक्षण असं असतं: 'संध्याकाळी साडेसातला पाच मीलवर्म ठेवले, साडेआठला पाचच होते.' फरक बारीक वाटेल, पण त्यातून पुढचे प्रश्न सुटतात. तुमची फर्स्ट शिफ्ट आहे, तीन वाजता सुटून तुम्ही चारला किडे टाकता. गेको तेव्हा झोपलेला असतो, त्याचा दिवस सुरू होतो दिवेलागणीला. मग तो 'खात नाही' की तुम्ही 'जेवणाची वेळ नसताना वाढताय'? एमआयडीसीतल्या क्यूसी लॅबमध्ये काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. लॉगबुकात वेळ लिहिली नाही तर रीडिंगला अर्थ नाही.

तेव्हा पहिलं काम वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा 1 ग्रॅमपर्यंत दाखवतो. 52 ग्रॅमचा गेको आज 52, परवा 51 दिसला तर तो बदल खरा की काट्याचा, ते कळत नाही. 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, गेकोला झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्याचं वजन वजा करा. दर तीन दिवसांनी, त्याच वेळी. शी केल्यानंतर वजन कमी भरतं, म्हणून शी कधी केली तेही लिहा. शेपटीचा फोटो वरून, त्याच अंतरावरून काढा. आठ-दहा नोंदी झाल्या की तुमच्याकडे पहिल्यांदा खरा डेटा असेल.

दुसरं काम तापमान, आणि बदल करायचा तर तो आधी इथे. का, ते नीट समजून घ्या, कारण संशोधनात 'आधी कुठे हात घालू' याचं उत्तर नेहमी यंत्रणेच्या समजुतीतून येतं. सरपटणारे प्राणी स्वतःच्या चयापचयातून अंग पुरेसं गरम ठेवू शकत नाहीत. ते जागा बदलून तापमान सांभाळतात. वाळवंटातल्या सरड्यांवर आणि सापांवर काम करून काउल्स आणि बोगर्ट यांनी 1944 मध्ये हे मांडलं आणि 'थंड रक्ताचे प्राणी' हा शब्द किती फसवा आहे ते दिसलं. पोटातले पाचक रसही तापमानावर चालतात. अंग गार असेल तर गिळलेला किडा पचण्याऐवजी पोटात सडू शकतो. म्हणजे गारठलेल्या गेकोची भूक मरणं हा बिघाड नसून शहाणपणा असू शकतो. अशा गेकोला जबरदस्तीने भरवणं धोक्याचं आहे, ते करू नका.

पेटीच्या एका टोकाला जमिनीचं तापमान साधारण 32–33 अंश, दुसऱ्या टोकाला 25च्या आसपास, आणि दोन्हीकडे लपायला जागा, एवढं हवं. हीटमॅटला थर्मोस्टॅट लावाच, नाहीतर पोट भाजतं. मोजायचं कशाने? कोविडच्या वेळी घेतलेली कपाळावर धरायची ती बंदूक घरोघरी पडून आहे. तिच्या शरीर मोडवर विसंबू नका. ती कपाळाच्या रीडिंगमध्ये स्वतःहून दुरुस्ती करून शरीराचं तापमान दाखवते, आणि कमी तापमानाला नुसतं 'लो' म्हणते. पृष्ठभाग मोड असेल तर तो वापरा, किंवा फिश टँकचा वायर असलेला थर्मामीटर घ्या. कुठलंही उपकरण काय मोजतं आणि काय दाखवतं यातला फरक न बघता घेतलेले आकडे मी थीसिसमध्येही पाहिले आहेत.

महाडात यात आणखी एक भानगड आहे. पावसाळ्यात लाईट जाते. 2021 च्या जुलैतल्या पुरात तर लोकांनी विजेशिवाय दिवस काढले. रात्री चार तास मॅट बंद होती आणि सकाळी तुम्ही 33 अंश वाचलेत, तर नोंद खरी असूनही चित्र खोटं. कमाल-किमान साठवणारा थर्मामीटर म्हणूनच लागतो. लाईट गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका टोकाला ठेवायची, तेही वहीत लिहायचं.

तापमान जुळवलं, की आठवडाभर बाकी काही बदलू नका. हाताळूही नका. नवीन घरात आलेला, कात टाकायला आलेला (रंग फिकट, दुधाळ दिसतो), विणीच्या काळातला किंवा हिवाळ्यातला गेको तसाही खाणं कमी करतो. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. न खाल्लेले रातकिडे रात्रभर पेटीत ठेवू नका, ते गेकोलाच चावतात. आणि कंपनीच्या गेटवरच्या हॅलोजनखाली जमणारे किडे फुकट मिळतात म्हणून आणू नका. त्यांच्यावर कुठली फवारणी झाली आहे ते तुम्हाला कळणार नाही.

आता अवघड भाग. एका वेळी एकच बदल, हे प्रयोगाचं सूत्र झालं. पण पेटीत जिवंत प्राणी आहे. तुमचा प्रयोग स्वच्छ राहावा म्हणून त्याने किती दिवस उपाशी राहायचं? प्राण्यांवरच्या संशोधनात याचं उत्तर काम सुरू होण्याआधी लिहून द्यावं लागतं: अमुक झालं की थांबायचं. घरीही तसंच करा, पहिल्या दिवशी, डोकं शांत असताना. माझा निकष असा: वजन 10 टक्क्यांनी घटलं, म्हणजे 52 चा गेको 46.8 वर आला, की प्रयोग बंद आणि डॉक्टर. पिल्लू असेल तर तीन-चार दिवस न खाणंसुद्धा पुरेसं कारण. आणि शेपटी बारीक होणं, डोळे खोल जाणं, खाल्लेलं उलटून पडणं, रक्ताची किंवा पातळ शी, जबडा सुजणं, पाय थरथरणं, यातलं काही दिसलं तर वजनाची वाट बघायची नाही.

तापमान वाढवल्यावर तो खायला लागला, तर खात्री करायला पेटी पुन्हा गार करून बघायची का? कागदावर ते उत्तम डिझाइन आहे. करायचं नाही. 'बहुधा तापमानच' एवढ्यावर समाधान मानायचं, आणि लिहिताना 'बहुधा' खोडायचं नाही.

डॉक्टरकडे जायची वेळ आली तर आधी फोन करून विचारा, कारण गायी-म्हशी बघणारे सगळेच सरपटणारे प्राणी बघतात असं नाही. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. वरंध घाट पावसात बरेचदा बंद असतो, तेव्हा माणगावहून ताम्हिणीने पुणं गाठावं लागतं. प्रवासाला भोकं पाडलेला डबा, खाली टिश्यू पेपर, दुपारचं ऊन टाळून. सोबत ताजी शी छोट्या बंद डबीत न्या. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी शेपटी वाळवतात, पण ते रोजच्या शीत उतरतातच असं नाही. म्हणून पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी पुन्हा कधी करायची ते डॉक्टरांना विचारून घ्या. तोवर घरात दुसरा गेको असेल तर त्याची पेटी, चिमटा, पाण्याची वाटी वेगळी ठेवा आणि हात साबणाने धुवा. आणि वही न्या, फोटोंसकट. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, 'कधीपासून खात नाही?' तेव्हा उत्तरात तारीख आणि वजन असू द्या.