खेड, पण कुठलं?

ऐन गणपतीत कोकणातल्या आमच्या खेड स्टेशनवर मॉरिशसचे एक पाहुणे उतरले. साठी ओलांडलेले, शाळेत शिकल्यासारखं जपून मराठी बोलणारे. हातात, मजूर म्हणून तिकडे गेलेल्या पणजोबांच्या करारनोंदीची झेरॉक्स. नंबर, वय, उंची. गावाच्या जागी रोमन अक्षरांत ‘केड’, आणि जिल्ह्याची शाई पुसलेली.

आधी ते पुण्याच्या खेडला, म्हणजे राजगुरुनगरला जाऊन आले होते. तिथे काही धागा लागला नाही. आडनावाचाही उपयोग नव्हता, कारण ते पणजोबांचं नावच होतं. कारकुनानं वहीत लिहिलं तेच पुढे वंशाला चिकटलं. मॉरिशसला अशी घरं पुष्कळ.

कोकणातला गडी मुंबई बंदरातून जायचा तो मॉरिशसला. 1834 पासून पुढे तिथे पाचेक लाख भारतीय मजूर उतरले. पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या सोळा दगडी पायऱ्या चढल्या, की पुढे उसाचे मळे. तो धक्का म्हणजे आप्रवासी घाट, 2006 पासून जागतिक वारसा. पर्यटक तिथे फोटो काढतात. आपल्या आज्या पांढऱ्या साखरेला ‘मोरस साखर’ म्हणायच्या, तो मोरस म्हणजे हाच मॉरिशस. साखर इकडे आली, ती पिकवणारे तिकडेच राहिले.

आम्ही पाहुण्यांना जगबुडी नदी दाखवली, गावातली लेणी दाखवली, गरम पाण्याचं कुंड दाखवलं. ते ‘छान, छान’ म्हणत राहिले. (पाहुण्यांना कुंड दाखवल्याशिवाय खेडकराला चैन पडत नाही.)

रात्री एका वाडीत जाखडी, म्हणजे आपला कोकणातला फेराचा नाच, उभी राहिली. ढोलकीवर थाप पडली, चाळ वाजले, फेर धरला गेला. खुर्चीत बसलेले पाहुणे ताडकन उठले.

“ही तर झाकरी!”

आणि चपला काढून थेट फेरात. पहिल्या दोन पावलांना चुकले, तिसऱ्याला जुळले. मॉरिशसच्या मराठी वस्त्यांत जाखडीला झाकरी म्हणतात, हे मला त्या रात्री कळलं. पुण्याच्या खेडला जाखडी कुठली? माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

पणजोबांची वाडी कुठली, ते मात्र सापडलं नाही.

तुमच्या जुन्या कागदांत कुणी ‘मोरसला गेला’ असं असेल, तर त्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव लिहून मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेकडे विचारा. मजुरांच्या नोंदवह्या तिथे आहेत. फक्त स्पेलिंगवर विसंबू नका.