गाभडलेल्या गाईचा जार

सात महिन्यांची गाभण गाय रात्रीतून गाभडते. सकाळी गोठ्यात मेलेलं वासरू, आत अडकलेला जार, आणि गाय मात्र निवांत चारा खात उभी. अमरावती-अकोल्याकडं अशा वेळी कुणी शिंगाचा मार लागला म्हणतं, कुणी नजर. गंजीतल्या बुरशीचं नाव सहसा निघत नाही.

विज्ञानालाही ते उशिराच सुचलं. १८९७ मध्ये डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांना गाभडण्यामागचा ब्रुसेला जंतू सापडला. १९२० मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांनी गाईच्या जारात म्यूकर बुरशी दाखवून दिली. गोचिडीतून जनावरांचा ताप पसरतो हे सिद्ध करणारे तेच हे स्मिथ. पुढं अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही या रोगातली मुख्य बुरशी ठरली. तिचे बीजाणू चाऱ्याच्या धुळीतून फुफ्फुसात किंवा पोटात जातात, तिथून रक्तावाटे जारापर्यंत पोचतात. बहुधा पाचव्या ते आठव्या महिन्यात गर्भ पडतो. जार चामड्यासारखा जाड होतो, कधी वासराच्या कातडीवर गजकर्णासारखे चट्टे असतात. ब्रुसेला गोठाभर पसरू शकतो, बुरशीनं मात्र बहुतेकदा एखाददुसरीच गाय गाभडते. म्हणून तर ती नजरेआड राहते.

वऱ्हाडात ही गोष्ट चाऱ्याशी बांधलेली आहे. पूर्वी इथं जनावरांची भिस्त ज्वारीच्या कडब्यावर होती. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सोयाबीननं ज्वारीला मागं सारलं आणि गोठ्यात कुटार आलं. कडब्याच्या पेंढ्यांतून वारा खेळतो, कुटार दाबून बसतं. त्यात सोयाबीनची काढणी नेमकी परतीच्या पावसात येते. ओलं कुटार रचलं की ढीग आतून तापतो, आणि ही बुरशी पन्नास अंशांच्या उष्णतेतही वाढते. वरून कोरडा दिसणारा ढीग हात घातल्यावर गरम लागला, काळपट निघाला, तर तो गाभण जनावरापुढं टाकू नये. ज्याच्याकडं दुसरा चाराच नाही, त्याला हे सांगताना माझा जीव खालीवर होतो.

दुसरा बदल औषधांचा. माजावर येऊनही सारखी उलटणारी गाय असली की गर्भाशयात प्रतिजैविक सोडलं जातं. जंतूंचा संसर्ग असेल तर त्याचा उपयोग होतो. पण तपासणीविना तेच पुन्हा पुन्हा सोडलं, तर जंतू मरतात आणि कॅन्डिडासारख्या बुरशीला रान मोकळं मिळतं. त्यावर आणखी प्रतिजैविक देणं ही चूक मला फार सलते, कारण त्यात गाईचं वर्ष वाया जातं आणि शेतकऱ्याचा पैसाही.

तपासणीचं शास्त्र आपल्या दाराशी नाही असं नाही. अकोल्यात १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ आलं. तिथली पशुवैद्यक स्नातकोत्तर संस्था पुढं २००० मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडं गेली. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस मिळते. बुरशीवर अशी लस नाही. तिथं हाती उरतो तो जार, आणि नेमका तोच आपण घाईनं पुरून टाकतो. गाभडण्याचं कारण ब्रुसेलाही असू शकतं, म्हणून उघड्या हातानं त्याला शिवायचं नाही. हातमोजे घालून जाराचा जाड झालेला तुकडा बर्फात ठेवून पशुवैद्यकाकडं द्यायचा. प्रयोगशाळेत त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकतात, ऊती विरघळतात, आणि बुरशी असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली तिचे तंतू दिसू लागतात.