तीन फूट जोतं आणि चोवीस फुटांचा उतार

हिवरखेडमध्ये आता ग्रामपंचायत नाही, नगर परिषद आहे. त्यामुळे घर बांधताना दारातला गाडीचा उतारही नकाशात दाखवा.

आपल्याकडं काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यात रस्ता दर डांबरीकरणाला वर चढतो, म्हणून जो तो जोतं तीन फूट उचलतो. मग कार आत न्यायची कशी? राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत (यूडीसीपीआर) तळघरातल्या आणि वरच्या मजल्यावरच्या पार्किंगच्या उताराला 1:8 ही मर्यादा आहे. घरालाही तोच हिशेब धरला तर तीन फुटांना चोवीस फूट लांबी लागते! समोर जागा असते दहा फूट. उरलेला उतार जातो नालीवर, नाहीतर थेट रस्त्यावर. नाली बुजली की पहिल्याच पावसात पाणी शेजाऱ्याच्या ओसरीत, आणि भांडण चावडीवर.

माझं मत विचाराल तर पोर्च खाली ठेवा. रस्त्यापासून एक फूटच उंच, म्हणजे आठ फुटांत गाडी वर. घरात जायला पुढं पायऱ्या. आजी-आजोबा असतील तर बाजूनं 1:12 चा वेगळा उतार काढा.

परवानाधारक अभियंत्याकडून नकाशात रस्त्याची आणि जोत्याची पातळी लिहून घ्या. बहुतेक नकाशांत तीच नसते. परवानगी नगर परिषद देते, 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 189 खाली. रस्ता बांधकाम विभागाचा असेल तर त्यांनाही विचारा. नालीवर काँक्रीट ओतू नका, उचलता येणारे ढापे टाका.