भंगारातून उठलेली लिबरेटर विमाने

बी-२४ लिबरेटर हे दुसऱ्या महायुद्धातले चार इंजिनांचे अमेरिकन बॉम्बफेकी विमान. अशी १८ हजारांहून अधिक विमाने बांधली गेली, पण युद्ध संपताच बहुतेक सगळी भंगारात निघाली. आज संग्रहालयांत मोजकीच उरली आहेत आणि त्यांतली सहा भारतीय हवाई दलाच्या सेवेतून आलेली आहेत.

ब्रिटिशांनी युद्धानंतर आपली लिबरेटर कानपूरला सोडली. ती पुन्हा उडू नयेत म्हणून उपकरणे फोडली, पत्रे फाडले, इंजिनांत वाळू ओतली. स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यातल्या तंत्रज्ञांनी या ढिगातून चाळीसच्या आसपास विमाने उभी केली. कानपुरात जुजबी दुरुस्ती झाली की वैमानिक जमशेद मुन्शी ती उडवत बंगळूरला नेत, आणि पुढचे काम तिथे होई. १९५१मध्ये पुण्यात पुन्हा उभारलेल्या सहाव्या स्क्वाड्रनने लिबरेटरमधून समुद्रावर टेहळणी केली. १९६८मध्ये ही विमाने निवृत्त झाली.

मग जगभरच्या संग्रहालयांची नजर भारताकडे वळली. कॅनडाने १९६८मध्ये एक लिबरेटर नेले आणि बदल्यात लायसँडर विमान दिले, ते आज दिल्लीच्या पालम संग्रहालयात आहे. १९६९मध्ये एक अमेरिकेतल्या पिमा संग्रहालयात, तर १९७४मध्ये एक ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयात पोचले. आणखी एक विमान अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनने १९८४मध्ये घेतले. ते केवळ प्रदर्शनात ठेवायचे ठरले होते. पण महायुद्धात लिबरेटर चालवलेल्या सैनिकांनी आग्रह धरला आणि सुमारे ९७ हजार तासांच्या श्रमांनंतर १९८९मध्ये ते आकाशात झेपावले.

एवढे तास लागतात कशाला, हे रिव्हेटच्या कामावरून उमगते. जुन्या रिव्हेटचे डोके पत्र्यातले भोक मोठे होऊ न देता ड्रिलने उडवायचे. ॲल्युमिनिअमवर पांढरी भुकटी धरली असेल तर ती खरवडायची आणि गंजरोधक रंग द्यायचा. मग एकाने बाहेरून हवेच्या हातोड्याने रिव्हेट ठोकायचे आणि दुसऱ्याने आतून पोलादी ठोकळा दाबून धरायचा. ठोकळा तिरका झाला की रिव्हेट वाकडे बसते. ते काढून पुन्हा नव्याने सुरुवात. एका विमानात अशी लाखो रिव्हेट असतात.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ वेरिबी येथे स्वयंसेवक असेच एक लिबरेटर जोडत आहेत. त्याचा सांगाडा एका माणसाने १९४८पासून जपला होता, तर पंख पापुआ न्यू गिनीत कोसळलेल्या विमानाचे आहेत. अशा कामाला हातोडा धरणाऱ्यांइतकाच आधार देणगीदारांचा, सुटे भाग शोधणाऱ्यांचा आणि जुने नकाशे, देखभालीच्या वह्या, छायाचित्रे जपणाऱ्यांचा असतो. विमान उडवायचे असेल तर मात्र परवानाधारक अभियंत्याच्या तपासणीशिवाय गत्यंतर नाही.

महाराष्ट्रातही असे जपण्याजोगे बरेच आहे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात आणि पुण्याच्या कमला नेहरू उद्यानात भारतीय बनावटीची मरुत लढाऊ विमाने आहेत. मुंबईची खारी, दमट हवा ॲल्युमिनिअमची वैरीण. नियमित धुणे, रंग आणि पाण्याचा निचरा हीच इथली पहिली दुरुस्ती. सांताक्रूझ-कलिना-अंधेरी पट्ट्यात विमानांच्या देखभालीत उभी हयात घालवलेले अनेक निवृत्त तंत्रज्ञ राहतात. त्यांचे ज्ञान वेळीच नोंदवून घेणे, तरुणांना त्यांच्या हाताखाली शिकायला बसवणे, हा या वारशाला देता येण्यासारखा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत तातडीचा हातभार आहे.